अठ्ठावन्नावी सही

“कोऱ्यावर सही? मला काय येड लागलंय?” गुंडाअण्णांनी पेन कुंभोजेकाकांच्या हातात परत दिलं आणि ते मागावर बसून पुन्हा विणायला लागले.

कुंभोजेकाका माझ्याकडे बघायला लागले. सत्तावन्न नंबरपर्यंत सह्या झाल्या होत्या आणि अठ्ठावन्नाव्या सहीशी घोडं अडलं होतं.

“अहो गुंडाअण्णा, कोरा कुठाय? नंबर आहेत, रकाने आहेत. अनुक्रमांक, नाव, सही. सगळ्या गल्लीनं केलीय.”

“केली असंल. गल्ली काय काय करती ते मला म्हाईत हाय.” हातातला धोटा खटकन इकडून तिकडे गेला. “वर काय लिवणार ते आधी लिवा. मी वाचतो. मग बघू.”

“रस्ता मागणार. दुसरं काय?”

“रस्त्याला माझी ना न्हाई. पर आधी जुना खणा म्हणावं. खणून खाली जावा, मग नवा करा. वरच्या वर थर टाकला की रस्ता माझ्या उंबऱ्याच्या वर जातोय आन पानी घरात येतंय. तेवढं लिवणार असला तर सांगा.”

“हे टेक्निकल झालं,” कुंभोजेकाका म्हणाले. जे कळत नाही त्याला ते टेक्निकल म्हणत.

गुंडाअण्णा होगाडे म्हणजे आमच्या साळी गल्लीत हातमागावर लुगडी विणणारा शेवटचा माणूस. बाकीच्यांनी यंत्रमाग घेतले, पुढे तेही विकले आणि कुणी किराणा मांडला, कुणी झेरॉक्सचं मशीन. अण्णांचा माग खड्ड्यावरचा होता. घरातल्या जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडून खालच्या फळ्या दाबायच्या आणि वर हातांनी विणायचं. घर गल्लीच्या सगळ्यात सखल टोकाला. त्या खड्ड्यात पाणी गेलं की माग संपला, हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. आमच्या गल्लीत मात्र ते समजत नसल्याचं दाखवणारे बरेच होते, आणि त्यांत मीही होते.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि गल्लीच्या वरच्या टोकाला माझा सरकारमान्य टंकलेखन वर्ग. आठ मशीनं होती. गल्लीतला रस्ता रस्ता म्हणावा असा नव्हताच. कधीकाळी टाकलेली खडी उखडून वर आलेली, मध्ये गटाराचं पाणी, आणि पावसाळ्यात त्याचा असा काला व्हायचा की एका मुलीची चप्पल आत गेली ती दिवाळीला सापडली. जूनमध्ये माझ्या वर्गाला बावीस मुली असत आणि ऑगस्टपर्यंत नऊ उरत. आई-बाप सांगायचे, बाई, तुमचं शिकवणं चांगलं आहे, पण मुलीचे कपडे रोज कोण धुणार? तेव्हा रस्ता मलाही हवा होता, आणि माझ्याइतका कुणालाच हवा नव्हता असं म्हटलं तरी चालेल. उगाच समाजसेवेचा आव कशाला आणू?

कुंभोजेकाका निवृत्त पोस्टमास्तर. उभा जन्म दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात गेला, त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःचं एक पत्र पाठवायची त्यांना भारी हौस. त्यांनी ‘साळी गल्ली सुधारणा मंडळ’ काढलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि मला चिटणीस केलं, कारण टाइपरायटर माझ्याकडे होता. आधी सह्या घ्यायच्या आणि मग अर्ज लिहायचा, ही पद्धत त्यांचीच.

“सरोज,” ते मला समजावून सांगत, “अर्ज आधी लिहिला की लोक वाचत बसतात. वाचलं की शंका काढतात. कोऱ्या कागदावर सही करायला कुणाची हरकत नसते.”

आणि खरंच नव्हती! लोकांनी सहीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. भांडण झालं ते फक्त नंबरावरून. दिवट्यांना ढोल्यांच्या खाली सही करायची नव्हती. ढोल्यांच्या थोरल्या सुनेला धाकटीच्या वर पाहिजे होती. एका गृहस्थांनी तेरा नंबर नको म्हणून चौदावर सही केली आणि तेरावर कुणीच करेना, शेवटी तिथं मी केली. गुडघाभर चिखलातून चालत येऊन ही माणसं मानपान करत होती. पहिला नंबर मात्र कुणी मागितला नाही. तो आम्ही नगरसेवक नंदूशेठ म्हेत्र्यांसाठी मोकळा ठेवला होता.

नंदूशेठ आठ वर्षांपूर्वी गल्ली सोडून कॉलनीत बंगल्यात राहायला गेले होते, पण त्यांचं जुनं घर कुलूप लावून गल्लीतच होतं. म्हणून ते कागदोपत्री आमच्यातले. ज्या माणसानं दोन निवडणुका आमच्या मतांवर जिंकून गल्लीत एक टोपलं मुरूम टाकला नाही, त्याच्याच विरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्याची घ्यायची, हे आम्हां कुणालाच विचित्र वाटलं नाही. कुंभोजेकाकांना तर त्यात मुत्सद्दीपणा दिसत होता.

पण नंदूशेठनी आधीच बजावलं होतं. “मला गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांच्या सह्या पाहिजेत. परटांच्या बोळात एकानं आक्षेप घेतला आणि काम दोन वर्षं लटकलं. एक जरी कमी असला तरी माझ्याकडं येऊ नका.”

म्हणून गुंडाअण्णांची सही हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी गेले. कुंभोजेकाकांच्या बोलण्यानं काही होणार नव्हतं आणि अण्णांनी मला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेलं. माझी आई गेली तेव्हा पारूकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, तेरा दिवस आमच्या घरात चूल पेटू दिली नव्हती. दोन वेळचा डबा त्यांच्याकडून यायचा. गल्लीत मला सगळे बाई म्हणत, नाहीतर सरोज. सरू म्हणणारे तेवढेच दोघं उरले होते.

“बस, सरू,” अण्णा म्हणाले. “पोस्टमास्तर न्हाई आला?”

“नाही. मीच आले.”

“बरं झालं. त्यो बोलाय लागला की माझा धागा तुटतोय.”

मागावर हिरवं लुगडं होतं, निम्मं झालेलं, काठ लाल. पारूकाकूंनी चहा आणून दिला आणि त्या सुताच्या कांड्या भरायला बसल्या. अण्णा उठून मला दारात घेऊन गेले. खाली वाकून त्यांनी उंबरा आणि रस्ता यांच्यामध्ये हात धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत, जेमतेम.

“हे बघ. एवढंच हाय माझ्यापाशी. पेठंत बघितलंस न्हवं? पानवाल्याच्या दुकानात आधी दोन पायऱ्या चढून जायला लागायचं. आता दोन पायऱ्या उतरायला लागतंय. दुकान खाली न्हाई गेलं, रस्ता वर आला. दर पाच वर्सांनी थरावर थर. त्याचं काय, त्यो फळी टाकून बसतोय. मी खड्डा कुठं उचलून ठिवू?”

“अण्णा, अर्ज मीच टाइप करणार आहे. तुमचा मुद्दा घालते मी. तीन नंबरला. जुना रस्ता खणून, उंची न वाढवता काम करावे. मग तर झालं?”

“मग त्यो कागद घिऊन ये. वाचतो आन करतो.”

“नंदूशेठ उद्या मुंबईला चाललेत. आज संध्याकाळी सह्यांचा कागद दाखवला नाही तर महिना जाईल. अर्ज मी रात्रीतून टाइप करते. माझ्यावर विश्वास नाही का?”

हे मी वापरलं. माझ्यावर विश्वास नाही का, हे ज्याला विचारायचं त्याचा आपल्यावर विश्वास असतोच, नसेल त्याला कोण विचारतं?

अण्णांनी पारूकाकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “करा की. पोरगी काय परकी हाय?”

“जल्मात कधी कोऱ्यावर सही केली न्हाई मी,” अण्णा म्हणाले. “इनकरांच्या सोसायटीत येवढे घोटाळे झाले, निम्मी गल्ली अडाकली. मी न्हाई. का, तर वाचल्याबिगर सही न्हाई. सरू, तू म्हंतीस म्हणून करतो.”

अठ्ठावन्न नंबरच्या पुढे त्यांनी गुंडाप्पा रामलिंग होगाडे असं पूर्ण नाव लिहिलं आणि मग सही केली. अक्षर ठसठशीत. त्या कागदावर एवढं स्वच्छ अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मी शब्दाला जागले. निदान एक रात्र. अर्ज सुरेख झाला होता. विषय, संदर्भ, महोदय, आणि खाली तीन मुद्दे. एक, साळी गल्लीतील रस्ता पक्का करण्यात यावा. दोन, दोन्ही बाजूंस गटार बांधण्यात यावे. तीन, सदर काम करताना जुना रस्ता खणून काढावा व रस्त्याची उंची कोणत्याही परिस्थितीत वाढू नये. ‘कोणत्याही परिस्थितीत’ मी माझ्या मनानं घातलं होतं. सह्यांचा कागद आदल्या संध्याकाळी दाखवून झाला होता, आता सकाळी मुंबईला निघायच्या आधी अर्ज घेऊन नंदूशेठना गाठायचं म्हणून कुंभोजेकाका आणि मी त्यांच्या सिमेंटच्या वखारीत गेलो.

नंदूशेठ उभ्या उभ्या वाचत होते. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत मान हलत होती, तिसऱ्याला थांबली.

“हे काय लफडं?”

“गुंडाअण्णांचं म्हणणं आहे,” मी म्हणाले. “त्यांचं घर सखल आहे. मागाच्या खड्ड्यात पाणी जाईल.”

“बाई, तुम्हाला रस्ता पाहिजे का निबंध? खणायचं म्हटलं की खालच्या पाण्याच्या लाइनी उघड्या पडणार. त्या बदलायच्या म्हटलं की खर्च वाढणार. खर्च वाढला की मंजुरी जिल्ह्याला. तिथून कागद परत येईस्तोवर एकतीस मार्च होऊन गेला की निधी गेला. मग बसा आणखी पाच वर्षं चिखलात.”

“काढून टाकू,” कुंभोजेकाका लगेच म्हणाले. मंडळाच्या अध्यक्षांना निर्णय घ्यायला एक श्वासही लागला नाही.

“सह्या त्या मुद्द्यावर घेतल्यात,” मी म्हणाले. “निदान अण्णांची तरी.”

“सह्यांचा कागद वेगळाय ना? मग काय! वरचं पान बदला. खाली सह्या तशाच.”

“पण अण्णांना सांगायला पाहिजे.”

“सांगा की,” नंदूशेठ म्हणाले, “रस्ता झाल्यावर.” आणि हसले. कुंभोजेकाका हसले. मीही हसले. का हसले ते मला तेव्हाही कळलं नाही, पण हसले एवढं नक्की आठवतं.

नंदूशेठनी खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढलं आणि पहिल्या नंबरवर, ‘आमच्या गल्लीकडे वर्षानुवर्षे झालेल्या दुर्लक्षाबद्दल’ तक्रार करणाऱ्या अर्जावर, झोकात सही ठोकली.

नवं पान टाइप करायला मला दहा मिनिटं लागली. तीन नंबरला मी घातलं, ‘सदर काम ३१ मार्चपूर्वी पूर्ण करण्यात यावे.’ मुद्दे दोनच ठेवले असते तरी चाललं असतं. पण तीन नंबर रिकामा सोडवेना.

काम मार्चमध्ये सुरू झालं. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि खडीच्या आधी बोर्ड आला: ‘नगरसेवक नंदकुमार म्हेत्रे यांच्या अथक प्रयत्नांतून.’ कुंभोजेकाकांचं नाव खाली बारीक अक्षरात होतं, ते जाऊन जाऊन वाचून यायचे. माझं नव्हतं. बरंच झालं.

अण्णा रोज बाहेर येऊन उभे राहायचे. जुन्या रस्त्यावरच मुरूम पसरला, त्यावर खडी, त्यावर रोलर.

“सरू, खणणार कवा?”

“करतील हो. खालच्या टोकाला आले की करतील.”

असं मी तीन दिवस सांगितलं. चौथ्या दिवशी काँक्रीट त्यांच्या दाराशी आलं. अण्णा ठेकेदाराच्या माणसापुढे जाऊन उभे राहिले. “अर्जात लिवलंय की! तीन नंबरला हाय! खणल्याबिगर पुढं जायचं न्हाई!”

“आजोबा, आम्हाला वरनं सांगितलंय तसं करतोय. बाजूला व्हा, माल वाळतोय.”

गल्ली जमली. अण्णांनी सगळ्यांना तीन नंबर सांगितला. अर्ज कुणीच वाचलेला नव्हता, त्यामुळे कुणालाच काही सांगता येईना. कुंभोजेकाका गर्दीत होते, ते औषधाची वेळ झाली म्हणून घरी गेले. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. संध्याकाळी लोक त्याच ओल्या रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणत होते, म्हातारा जरा आडमुठाच, एवढा चांगला रस्ता झालाय आणि याचं आपलं काहीतरी वेगळंच.

रस्ता खरंच चांगला झाला, लखलखीत. अण्णांच्या उंबऱ्याच्या वर टीचभर. गटारं बांधलीच नाहीत, निधी संपला. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तासभर पाऊस झाला. फार नव्हे. पूर्वी तेवढं पाणी गल्लीतल्या चिखलातच मुरून गेलं असतं. आता ते स्वच्छ काँक्रीटवरून पळत गेलं आणि खालच्या टोकाला जाऊन वळलं. मी पोचले तेव्हा पारूकाकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहून खड्ड्यातलं पाणी घमेल्यानं उपसत होत्या आणि ओतायला जागा नाही म्हणून परत दारातच ओतत होत्या. गल्लीतली घाण सगळी आत आली होती. खालच्या फळ्या तरंगत होत्या. मागावरचं तसलंच दुसरं लुगडं वर बांधायच्या आत खालचा हातभर पदर भिजला होता आणि लाल काठाचा रंग हिरव्यात उतरला होता. अण्णा खड्ड्याच्या काठावर बसले होते.

“अण्णा, मी येते उपसायला.”

“ऱ्हाऊ दे. उद्या माझ्याबरं नगरपालिकेत चल. त्यांनी तीन नंबर वाचलाच न्हाई. तू टाइप केलास, तू सांग त्यास्नी.”

नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कशी म्हटले देव जाणे. मंडळाचे अध्यक्ष म्हणून कुंभोजेकाकांनाही बोलावलं होतं, पण त्यांना पहाटेच्या एस.टी.नं लेकीकडे जावं लागलं. लेक त्यांना तीन वर्षांत एकदा आठवायची, ती नेमकी त्या दिवशी आठवली.

गल्लीपासून नगरपालिका पाव तासाच्या वाटेवर. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती. वाटेत मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा समोरून कुणी तरी आलं. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, तरी मी म्हणाले, “ऊन वाढलंय, नाही?”

“हां,” अण्णा म्हणाले.

बांधकाम विभागात सावळेकर नावाचे इंजिनिअर होते. नगरपालिकेत एखादा माणूस शांतपणे ऐकून घेतो याची आम्हाला सवय नव्हती, त्यामुळे ते ऐकत आहेत की झोपलेत हे सुरुवातीला कळेना. अण्णांनी सगळं सांगितलं. वीत, उंबरा, खड्डा, लुगडं. शेवटी म्हणाले, “तीन नंबरचा मुद्दा काढा म्हंजे झालं.”

सावळेकरांनी कपाटातून फाइल काढली आणि वाचलं. रस्ता पक्का करण्यात यावा. गटार बांधण्यात यावे. “तीन. सदर काम एकतीस मार्चपूर्वी पूर्ण करण्यात यावे.”

“पुन्यांदा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. मग फाइल अण्णांकडे फिरवली. अण्णांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून सबंध अर्ज वाचला, वरच्या दिनांकापासून खालच्या ‘आपले विश्वासू’पर्यंत. पान उलटून मागे पाहिलं. पुढचं पान उलटलं. तिथं अठ्ठावन्न नंबरला त्यांचं पूर्ण नाव होतं, ठसठशीत.

“ही सही तुमचीच?” सावळेकरांनी विचारलं.

“माझीच.”

“मग तुम्ही मान्य केलेल्या अर्जाप्रमाणे काम झालंय.” ते थोडे थांबले, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. नंदूशेठवर त्यांचाही राग असावा. “सही केली तेव्हा हा मजकूर वर होता का? नव्हता, सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या, असं असेल तर आत्ता लेखी द्या. ठेकेदाराचं शेवटचं बिल अजून माझ्या टेबलावर आहे. मी फाइल मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवतो. तुमच्या दारापुढचं वीस-पंचवीस फूट फोडून उतार काढून घेता येईल, पाणी तुमच्याकडे वळणार नाही. पण सह्या कुणी घेतल्या, पान कुणी टाइप केलं, ती नावं लागतील. चौकशी होईल.”

अण्णा माझ्याकडे वळले.

नुसते बघत राहिले. मला एवढंच म्हणायचं होतं, की पान मी बदललं. तीन शब्द. मिनिटाला चाळीस शब्दांचा सरकारी दाखला होता माझ्याकडे! पण डोक्यात चौकशी, वर्गाची मान्यता, आठ मशीनं, आणि सरोजबाईंनी खोटा अर्ज केला म्हणून गल्लीत होणारी चर्चा. त्या गल्लीत, जिला मी आयुष्यभर नावं ठेवत आले. सावळेकरांच्या मागे भिंतीवर एक परिपत्रक लावलं होतं. ते कुणी तरी फार वाईट टाइप केलं होतं, समास वाकडा, ओळी खालीवर. मी ते परिपत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पंखा फिरत होता. माझं ते परिपत्रक वाचून संपलं, मी पुन्हा वरून सुरू केलं.

“आजोबा?” सावळेकर म्हणाले.

“वाचूनच केली हुती सही,” अण्णा म्हणाले.

“नक्की?”

“मी वाचल्याबिगर सही करत न्हाई. कुणालाबी इचारा.”

सावळेकरांनी फाइल मिटली. “मग माझा इलाज नाही.”

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती, कारण त्यांनी मला वाचवलं असं मी धरून चालले होते. आतून हायसंही वाटत होतं. तेही सांगून टाकते.

“अण्णा, का खोटं बोललात माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी?” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “तुझ्या तोंडनं खरं येतंय का बघत हुतो. लई वेळ बघितलं. न्हाई आलं. मग कोऱ्यावर सही केलेला येडा म्हणून मी तरी का मिरवू?”

आणि ते टोपी नीट करून चालायला लागले. मी मागून चालत आले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, मीही अंतर कमी केलं नाही. नंदूशेठच्या नावाचा बोर्ड ओलांडून ते खाली गेले आणि मी माझ्या चार पायऱ्या चढून वर आले. तीनची बॅच आधीच येऊन बसली होती. त्या पावसाळ्यात बावीसच्या बावीस मुली टिकल्या, पुढच्या वर्षी मी दोन मशीनं वाढवली.

चौथ्या दिवशी सकाळी मुली अजून का आल्या नाहीत म्हणून मी खाली जाऊन पाहिलं. अण्णांच्या दारात बैलगाडीभर मुरूम ओतलेला होता आणि निम्मा रस्ता अडला होता. माग सोडवून त्याची लाकडं भिंतीला उभी केली होती. पारूकाकू आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. अण्णा घमेलं भरत होते. पलीकडे मुली नव्या चपला मुरमात घालाव्या की नाही या विचारात उभ्या होत्या.

मला बघून अण्णांनी घमेलं खाली ठेवलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या पोरींना जरा कडंनं जायला सांगता का? खड्डा बुजवायचा हाय, दुपारपतोर रस्ता मोकळा करून देतो तुम्हाला.”

खड्डा भरायला पंचेचाळीस घमेली लागली असतील. मी मुलींना कडेनं यायला सांगितलं.